गर्दन मारणे : हिची तीन कार्डं

३ जून

डायरी लिहिणाऱ्यांची मी आजवर थट्टाच केली. स्वतःशीच बोलायचं तर कागद कशाला नासवायचा, असं माझं मत. पण संध्याकाळी कचेरीतून आल्यावर चहा घेता घेता त्या दिवशीचा शब्द हिला सांगायचा, हा आमचा तीस वर्षांचा शिरस्ता होता. ही गेली त्याला आठ महिने झाले. मधे काही दिवस मी भिंतीला सांगून पाहिलं. भिंत हुंकार देत नाही. वहीही देणार नाही, पण निदान लिहिलेलं राहील.

आजचा शब्द : गर्दन मारणे.

शब्दकोशाच्या कचेरीत मी उपसंपादक. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण 'ग'चा खंड हातावेगळा होईपर्यंत मुदतवाढ आहे. आमचं काम बाहेरच्यांना सांगायला गेलं की ते जांभई दाबतात. आमचे वाचक जुनी पुस्तकं, जुनी पत्रं वाचतात. शब्द दिसला की तो ज्या वाक्यात आला ते वाक्य कार्डावर जसंच्या तसं उतरवायचं; खाली ग्रंथाचं नाव, खंड, पान; मागे स्वतःची आद्याक्षरं आणि तारीख. अशी लाखो कार्डं लाकडी खोक्यांत अक्षरवार लावलेली आहेत. मी खोकं उघडतो, एका शब्दाची सगळी कार्डं टेबलावर पसरतो आणि त्यांच्यावरून अर्थ लिहितो. कार्ड नाही तर शब्द नाही.

'गर्दन मारणे'ची सात कार्डं निघाली. त्यांतली तीन हिच्या हातची. हीसुद्धा आमचीच वाचक, पंचवीस वर्षं. तिचं ते किंचित डावीकडे कललेलं अक्षर दिसलं आणि मी खोकं झाकून चहाला गेलो.

५ जून

आज नेटाने बसलो.

शिरच्छेद हा शब्द इस्त्रीचे कपडे घालून येतो. गर्दन मारणे तसा नाही. गर्दन फारसीतून आली, मारणे आपलंच. गंमत अशी की आपल्याकडे मान होतीच. मान आपण डोलावतो, वळवतो, खाली घालतो. काही माणसं दुसऱ्याला ती वर करू देत नाहीत. एवढी कामाची मान घरात असताना कापायच्या वेळी मात्र गर्दन लागली. जुन्या पत्रांत ती बरेचदा हुकमातच भेटते : गर्दन मारावी. ज्याची मारायची त्याचं नाव असतं, हुकूम देणाऱ्याचं असतं. प्रत्यक्ष तलवार चालवणाऱ्याचं सहसा नसतं. अपराध एका ओळीत उरकलेला असतो, कधी तोही नाही. पुढे ती शिक्षा गेली आणि शब्द नुसता धमकीपुरता उरला. आता धमकीतही कोणी वापरत नाही.

हिच्या कार्डांतलं एक वाक्य सातांत उठून दिसतं : "गर्दन मारावी ऐसा हुकूम जाला. हुकूम देणारास झोंप आली. हुकूम लिहिणारीस आली नाहीं." पत्रसंग्रह, खंड सात, पान तीनशे बारा. एरवी या कागदांत कोण मेलं आणि त्याचा घोडा कुणाला दिला एवढंच असतं. त्यात असं वाक्य हुडकायचं म्हणजे डोळा असावा लागतो, आणि हिचा डोळा तसा होता. मुख्य उदाहरण हेच द्यायचं ठरवलं. चहाच्या वेळी उगाचच दोन कप काढले.

६ जून

अंडं उकडायला ठेवून विसरलो. भांडं जळालं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काका, सगळं ठीक ना?" ठीक म्हणालो. खिडक्या उघडून तासभर बसून राहिलो.

११ जून

आमच्या मुख्य संपादक बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. हुशार आहेत, हे मी फक्त इथे लिहितो. आज त्यांनी फर्मान काढलं की या खंडापासून छापायचं प्रत्येक उदाहरण मूळ ग्रंथ उघडून पुन्हा ताडून बघायचं.

"सगळ्यांचीच?" मी विचारलं.

"सगळ्यांचीच, सर."

"आमच्या हिची कार्डं मी पंचवीस वर्षांत एकदाही तपासली नाहीत."

"मग आता तपासा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे भांडताही येईना.

डोक्यात तिडीक गेली. इतर वाचकांची कार्डं मी शंभरातली शंभर तपासत असे. माझ्या हातून काना-मात्रा सुटत नसे आणि त्याबद्दल पाठीमागे मला काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. फक्त हिची कार्डं तशीच खोक्यात जायची. सगळ्या कचेरीला ते माहीत होतं. नवरा बायकोला याहून मोठा मान तो काय देणार? ही एकदा म्हणाली होती, "अहो, कधीतरी माझंही एखादं बघा की." मी म्हणालो, "तुझं काय बघायचं?" त्यावर ती हसली होती. हसलीच होती, मला आठवतं.

१३ जून

खंड सात, पान तीनशे बारा. गोदामातल्या धान्याची यादी. पोती किती, भिजलेली किती, उंदरांनी फोडलेली किती.

आकडा उलटसुलट झाला असेल म्हणून दोनशे तेरा पाहिलं, तीनशे एकवीस पाहिलं, एकशे बत्तीस पाहिलं. नाही. माणूस आहे, चुकतो. उद्या पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

१५ जून

दोन दिवसांत सहाशे चाळीस पानं वाचली. डोळे पाणावलेत, ते बारीक टाइपामुळे.

खंडात 'गर्दन मारणे' चार वेळा येतं. हिचं वाक्य कुठेच नाही. तिच्या उरलेल्या दोन कार्डांवरही हाच खंड आहे. तीही वाक्यं नाहीत. इथे उतरवून ठेवतो.

"अपराध येवढाच कीं लेखनांत कसूर जाली. बापें भरसभेंत लेकाची गर्दन मारविली, आणि घरीं येऊन जेवावयास मागितलें."

"ज्याची गर्दन मारिली त्याची माय कोणापाशीं बोलली नाहीं. कोणीं पुसिलें तर सांगावें म्हणोन वाट पाहात राहिली."

आणि पहिलं ते हुकमाचं. आता विचार करतो, त्या काळी दरबारात हुकूम लिहायला बाई कुठून आली? 'लिहिणारीस' वाचतानाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. दुसऱ्या कोणाचं कार्ड असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. हिचं होतं, आणि वाक्य मला आवडलं.

१६ जून

तिन्ही कार्डांच्या मागची तारीख पाहिली. चौदा वर्षांपूर्वीच्या मार्चमधला एकच आठवडा. म्हणजे लेक घर सोडून गेली तो.

ती हकीकत मी कधी कागदावर उतरवली नाही. लेक तेव्हा बावीसची. मीच तिला वाचक म्हणून लावून घेतलं होतं. महिन्याभराने माझ्या तपासणीत तिची एकोणीस कार्डं खोटी निघाली. वाक्यं मनची नव्हती. पण मूळ ग्रंथ न उघडताच जुन्या एका कोशातून ती उचलली होती, त्यातल्या चुकांसकट. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. मी ते वाचनकक्षात, सगळ्यांसमोर सांगितलं. आपली पोर म्हणून झाकलं असतं तर उद्या इतरांना कुठल्या तोंडाने जाब विचारणार? तिची सगळी कार्डं रद्द केली, वाचकांच्या यादीतून नाव काढलं, आणि नियमच करून घेतला : एक जरी कार्ड जाणूनबुजून खोटं निघालं तर त्या वाचकाची सगळी कार्डं रद्द, नाव यादीतून बाद. घरी आल्यावर म्हणालो, खोटी कार्डं करणाऱ्याला या घरात जागा नाही. रागात बोललो. तिने ते खरं धरलं. चार दिवसांनी बॅग घेऊन गेली. त्या दिवशी मी जेवलो की नाही, मला आठवत नाही. ही म्हणायची, "जेवलात. दोनदा भात घेतलात."

आठ महिन्यांपूर्वी, ही गेली त्या दिवशी, लेक आली होती. फाटकाशी बराच वेळ उभी होती. आत आली नाही. तिलाच यायचं नसेल तर मी काय बोलणार?

तर, हिच्या कार्डांचा उलगडा सरळ आहे. मुलगी गेल्याच्या धक्क्याने हिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुठेतरी वाचलेलं कुठेतरी उतरवलं गेलं. याहून जास्त त्यात काही नाही.

१९ जून

आज दुपारी डबा उघडला आणि एकदम आठवलं. नियम.

मनची वाक्यं लिहून त्यांच्याखाली खंड आणि पान घालणं, हे चित्त थाऱ्यावर नसताना होत नाही. एकदा होईल, तीनदा नाही. मी हे कळवलं तर हिची सगळी कार्डं रद्द. अकरा हजार चारशे. आणि खंडाच्या सुरुवातीला वाचकांची यादी छापतात, त्यातून नाव बाद. पंचवीस वर्षं ही स्वयंपाक उरकून वाचनकक्षातल्या टेबलाशी बसली, इस्पितळात सुद्धा उशीखाली कार्डं ठेवली, आणि ती जगात काही करून गेली याचा छापील पुरावा म्हणजे ते एक नाव.

कळवलं नाही तर कोणाला पत्ता लागणार नाही. चार खरी कार्डं आहेत; शब्दाचं काही अडत नाही. हिची तीन खिशात घालून घरी आणली. कचेरीचं कार्ड घरी नेणं हाही गुन्हाच, तो नियमही माझाच. आता ती समोर आहेत, बशीखाली दाबून.

२० जून

फाडली नाहीत.

२३ जून

आमच्या कचेरीत मुद्रितं वाचणाऱ्या एक बाई आहेत. गळ्यात भिंग अडकवलेलं असतं, म्हणून त्यांना सगळे भिंगताई म्हणतात. हिची त्यांच्याशी गट्टी. आज त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "'गर्दन'ची सात कार्डं होती ना? खोक्यात चारच दिसतात."

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. जमलं नाही. त्यांच्या हातात तिन्ही दिली. त्यांनी भिंग न लावताच वाचली. मला वाटलं धक्का बसेल. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"चौदा वर्षं लागली तुम्हाला," म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तिने खोटी कार्डं केली हे माहीत होतं. काय लिहिलंय ते आज वाचलं." मग म्हणाल्या, "दर गुरुवारी ती मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावरून मुलीला फोन करायची. घरून करायची नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं असतं तर सांगणार होती."

दर गुरुवारी. मी त्याच मजल्यावर, चार खोल्या पलीकडे बसत होतो. भिंगताईंनी एका चिठ्ठीवर लेकीचा पत्ता लिहून दिला. ती याच गावात आहे. मला ती परमुलखात असल्यासारखी वाटत होती.

२६ जून

गुरुवार. रजा टाकली आणि गेलो.

लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. खिडकीशी बसून नमुने नोंदवून घेते. बाकावर माणसं ओळीने बसलेली. मी नंबर घेतला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. सत्तावीस. समोर ती दिसत होती. प्रत्येक बाटलीवरचं नाव एकदा वाचायची, माणसाला विचारायची, मग परत वाचायची. केस कानाशी पांढरे झालेत. छत्तीस वर्षांची आहे, हे मला बोटांवर मोजावं लागलं.

सत्तावीस नंबर आला. तिने मान वर न करताच विचारलं, "उपाशीपोटी आलात का?"

"हो," मी म्हणालो. खरंच उपाशी होतो.

तिने वर पाहिलं. मग शेजारच्या मुलीला म्हणाली, "दहा मिनिटं बघ जरा," आणि मला मागच्या जिन्यात घेऊन गेली. आम्ही पायरीवर बसलो. मी तीन कार्डं तिच्या हातात दिली. पहिलं वाचून तिला हसू आलं, तिसऱ्यावर ती रडायला लागली. मला जवळ सरकता आलं नाही.

"आईने सांगितलं होतं मला," डोळे पुसून म्हणाली. "त्याच आठवड्यात. म्हणाली, तुझी एकोणीस, तर माझी तीन. तीही धडधडीत खोटी. ते तपासतीलच. मग बघू, मला घराबाहेर काढतात की तुला परत आणतात."

"मग?"

"मग काय, बाबा. दर गुरुवारी मी विचारायचे, पकडलं का? ती म्हणायची, अजून नाही. पुढे मी विचारायचं सोडून दिलं."

"माझा विश्वास होता तिच्यावर."

"माहीत आहे. तीही तेच म्हणायची." कार्डं तिने एकावर एक नीट लावून परत दिली. "पण तोंडाने का नाही बोलली तुमच्याशी, ते विचारा ना."

मी ते विचारलं नाही. विचारलं ते भलतंच. म्हणालो, "तू का केलीस एकोणीस?"

"दिवसाला साठ हा आकडा तुम्ही ठरवला होता. माझी चाळीसच्या पुढे जायची नाहीत. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारायचात, आज किती?" ती म्हणाली. "चुकलंच माझं. ते मी तेव्हाही म्हणाले होते. कोणी ऐकलं नाही."

वरून तिला कोणीतरी हाक मारली. ती उठली, आणि उठता उठता म्हणाली, "आईचं नाव काढू नका यादीतून."

"नियम आहे गं."

"नियम तुमचा आहे," ती म्हणाली. दोन पायऱ्या चढून वळली. "काहीतरी खाऊन जा. उपाशी फिरू नका."

कोपऱ्यावर उभ्याने पाव खाल्ला.

२७ जून

फाटकाशी लेक उभी होती त्या दिवशी मी 'आत ये' म्हणालो नाही. ती आली नाही असं मी आठ महिने म्हणत आलो. खरं तर मी बोलावलं नाही.

३० जून

बाईंच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिन्ही कार्डं टेबलावर ठेवली. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि कार्डं परत माझ्याकडे सरकवली.

"सर, ही तीन काढून टाका आणि पुढे चला," त्या म्हणाल्या. "मी काही ऐकलेलं नाही."

मला हवं होतं ते ताटात वाढून समोर आलं होतं. हात पुढे होईना. बायकोसाठी नियम वाकवता येतो, तर चौदा वर्षांपूर्वी लेकीसाठी का वाकला नाही? आणि नाहीच वाकवायचा, तर हिलाही आता मीच बाहेर काढायचं, मेल्यावर. ही बघत बसली असती तर तिला गंमत वाटली असती. तिला नेमकं याच कोपऱ्यात मला उभं करायचं होतं. फक्त तिला वाटलं होतं, मी चार-आठ दिवसांत येऊन पोचेन.

"नियमच चूक होता," मी म्हणालो. "तो मी रागात केला, आणि तुमच्या आधीच्या साहेबांनी माझ्या भिडेखातर सही केली."

बाईंनी नियमांची वही पुढे ओढली.

ठरलं ते असं. नियम रद्द. पण कार्डं संशयित आहेत हे खरंच आहे, तेव्हा हिची आणि लेकीची सगळी कार्डं मूळ ग्रंथांशी ताडून बघायची. खंड छापायला जायला वर्ष आहे. तोवर काम पुरं झालं तर दोघींची नावं यादीत राहतील. कार्डांच्या संख्येप्रमाणे हिचं पाचवं, लेकीचं शेवटचं. पुरं झालं नाही तर दोन्ही नाहीत. ताडणारा माणूस कचेरीकडे नाही. मी म्हणालो, मी आहे. सुट्टीच्या दिवसांसाठी बाईंनी किल्ली दिली.

नोंदवहीत मी माझ्या हाताने लिहिलं : सदर वाचकाची कार्डे पंचवीस वर्षांत एकदाही तपासली गेली नाहीत. हयगय माझी. हिची तीन कार्डं बाद पेटीत गेली. 'गर्दन मारणे' आता दोन साध्या उदाहरणांनिशी छापलं जाईल.

१ जुलै

लेकीचा रद्द गठ्ठा कोठीत सापडला. वर मीच लाल पेन्सिलीने मारलेली फुली. दोरा कुजून हातात आला. आठशे चौऱ्याऐंशी कार्डं.

ग्रंथ काढायचा, पान शोधायचं, अक्षरन् अक्षर ताडायचं, ग्रंथ परत ठेवायचा. सकाळी नऊपासून सहापर्यंत छत्तीस झाली. कंबर धरली. हे नुसतं ताडणं. शोधून उतरवायचं म्हणजे याच्या दुप्पट. साठ हा आकडा मी कुठून काढला होता, देव जाणे. स्वतः कधी करून पाहिला नव्हता.

२५ जुलै

लेकीची संपली. ती एकोणीस सोडली तर आठशे पासष्टच्या आठशे पासष्ट चोख. गुरुवारपर्यंत धीर धरवला नाही, शुक्रवारीच भिंगताईंच्या टेबलावरून फोन केला.

"आठशे पासष्ट बरोबर आहेत," मी म्हणालो.

पलीकडे तिने कोणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं.

"एका ठिकाणी तू मूळ ग्रंथातली छापचूक पकडून खाली टीप दिली आहेस. मी तेव्हा ते वाचलंच नाही. एकोणीस मिळाल्यावर पुढे बघायचं थांबलो होतो."

"कोणत्या शब्दाला?"

"'खोळंबा'ला."

"हं. आठवतं," ती म्हणाली. भिंगताई उठून बाहेर गेल्या.

"माझं चुकलं," मी म्हणालो. चौदा वर्षं ज्याला लागली ते बोलायला एक क्षण पुरला, आणि त्याने काही भरून आलं नाही. लेक म्हणाली, "बरं." घरी ये म्हणालो. म्हणाली, "बघते, बाबा. एवढ्यात नको."

९ सप्टेंबर

हिची एकोणीसशे झाली. एका कार्डावर कपाचा ओला गोल आहे. एकावर मागे, तारखेखाली, 'वाण्याकडे साबण'. शेजारी बसून अडतीस वर्षं संसार केला आणि तिने काय काय वाचलं ते आता कळतंय. समुद्रप्रवासाची वर्णनं, वैद्यकाची बाडं, कोण्या बाईने सासरहून भावाला लिहिलेली पत्रं. यातलं एखादं ती चहाच्या वेळी मला सांगू शकली असती. पण शब्द मी सांगायचा आणि तिने ऐकायचा, असा आमचा शिरस्ता होता.

दर गुरुवारी लेकीला फोन करतो. ती विचारते, किती झाली. मी सांगतो. "घाई करू नका," म्हणते.

१२ डिसेंबर

इस्पितळातली कार्डं लागली. अक्षर थरथरतं आहे, ओळ खाली घसरते आहे, पण पान, खंड, काना, मात्रा सगळं जागच्या जागी. शेवटचं कार्ड ती जायच्या सहा दिवस आधीचं. शब्द 'गलबला'. दुपारी पुढे काम झालं नाही. इस्पितळात मी तिच्या उशाशी बसून माझी मुद्रितं वाचत असे.

२८ जानेवारी

लेक आज कचेरीत आली. घरी नाही, कचेरीत. वाचनकक्षाच्या दारात जरा अडखळली, मग आत येऊन माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. बाद पेटीतली तिन्ही कार्डं बघायची होती तिला. पाहून परत दिली. मग दोन तास मला ग्रंथ काढून दिले. जाताना म्हणाली, "पुढच्या महिन्यात परत येईन." मी तारीख विचारली नाही.

२० मार्च

आज त्रेचाळीस तपासली. सगळी बरोबर.

बाई येता-जाता डोकावल्या. "किती राहिली, सर?"

"बाराशे."

"आणि चुका?"

"एकही नाही."

त्यांना बरं वाटलं. खंड जूनमध्ये छापायला जाईल, त्याआधी काम सहज पुरं होईल. दोन्ही नावं यादीत राहणार हे आता नक्की झालं. संध्याकाळी लेकीला कळवलं. ती फोनवर रडली, आणि मीही.

मला समाधान वाटायला हवं, आणि वाटतंही. पण इथे खरं लिहायचं तर, रोज सकाळी खोकं उघडताना माझ्या मनात काहीतरी वेगळंच असतं. चाळीस वर्षं मी कार्डं तपासली ती चूक पकडायला, आणि बरोबर निघालं की मला बरं वाटायचं. आता प्रत्येक बरोबर कार्डाला वाईट वाटतं. दहा हजारांहून जास्त कार्डांत ही आपलं काम चोख करत बसली आहे, खाली मान घालून, माझ्याकडे न बघता. माझ्याशी बोलली ती फक्त त्या तीन कार्डांत. आणखी एखादं खोटं निघावं, मग ते कोणत्याही शब्दाचं असो, त्यात मला कितीही बोल लावलेला असो. ते मी दोनदा वाचेन.

अजून बाराशे शिल्लक आहेत.